गर्भपिशवी काढल्यानंतर नवरा-बायकोचे संबंध: नीट माहिती हवी (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी)

बचतगट_सखी (चिकोडी)

बचत गटाची बैठक उठली की चपला घालता घालता, दाराशी, हळू आवाजात जो प्रश्न येतो तो इथं उघड मांडते. पिशवीचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना सांगतात, "जड उचलू नका, दीड महिना संबंध नको." बोलणं तिथंच संपतं. दीड महिन्यानंतर काय करायचं, दुखलं तर का दुखतं, कोरडं का पडतं, नवऱ्याला फरक कळतो का, सुख पहिल्यासारखं मिळतं का, हे कुणी सांगत नाही. त्यात आपल्या भागात ऑपरेशन मिरजेला नाहीतर कोल्हापूरला, कार्ड इंग्रजीत, आणि नंतर दाखवायला जायचं ते बेळगावात किंवा तालुक्याला कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांकडं. या फिरण्यात बाईचा प्रश्न हरवून जातो.

जाणकार मंडळी इथं आहेत म्हणून धागा काढला. एक विनंती: स्वतःच्या किंवा ओळखीतल्या बाईच्या गोष्टी नकोत. गावं लहान आहेत, दोन वाक्यांत माणूस ओळखू येतो. नेमकी माहिती द्या.

स्त्रीरोग_डॉक्टर (बेळगाव)

सखीताई, बरं केलंत. सगळ्यात आधी ऑपरेशनचं कार्ड शोधा, कारण "पिशवी काढली" या एका शब्दात चार वेगवेगळी ऑपरेशनं लपतात आणि पुढचा त्रास कोणता होणार हे त्यावरच ठरतं.

टीएएच म्हणजे पोटावरून, टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून, व्हीएच किंवा एनडीव्हीएच म्हणजे खालून. तिन्हींत गर्भाशय आणि त्याचं तोंड दोन्ही जातात. "सबटोटल" लिहिलं असेल तर तोंड आत ठेवलेलं असतं. मग बघायचं ते बीएसओ हे अक्षर. बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशय आणि नळ्या काढल्या. नुसतं बीएस असेल तर फक्त नळ्या काढल्या, अंडाशय आत आहेत. एका ओ अक्षराचा फरक, पण बाईच्या पुढच्या वीस वर्षांचा फरक.

अंडाशय शाबूत असतील तर पाळी बंद होते, पण संप्रेरकं (हार्मोन) चालू राहतात. कोरडेपणा, अंगातून वाफा हे लगेच यायला नकोत. मात्र अशा बायकांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येऊ शकते. पाळीची खूण उरलेली नसल्यानं ती कधी आली हे कळत नाही, तिच्या लक्षणांवर नजर ठेवावी लागते. दोन्ही अंडाशय काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच आठवड्यात येते, हळूहळू नाही. वाफा, रात्री घाम, झोपमोड, चिडचिड लवकर सुरू होते. योनीचा कोरडेपणा त्यामागून काही आठवड्यांत, काही महिन्यांत वाढत जातो.

आता शरीररचना, कारण निम्मी भीती तिथलीच आहे. गर्भाशय काढल्यावर योनीचं वरचं टोक टाक्यांनी बंद करतात. त्या बंद टोकाला व्हॉल्ट म्हणतात. आत पोकळी उघडी राहत नाही. वीर्य पोटात जात नाही, बाहेर येतं. सुखाची मुख्य जागा आहे शिश्निका, म्हणजे योनीच्या वर पुढच्या बाजूचा छोटा उंचवटा. तिच्या नसा वेगळ्या वाटेनं येतात, साध्या ऑपरेशनमध्ये त्यांना हात लागत नाही. कळस येताना गर्भाशयाचं आकुंचन ज्यांना स्पष्ट जाणवत होतं त्यांना तेवढा एक भाग वेगळा वाटू शकतो. हे खरं आहे, ते लपवू नये.

अमेरिकेत मेरीलँडला हजाराहून जास्त बायकांचा ऑपरेशनआधी आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा झाला, तो 1999 मध्ये छापला गेला. संबंधाच्या वेळी वारंवार दुखण्याचं प्रमाण आधी सुमारे 19 टक्के होतं, दोन वर्षांनी 4 टक्क्यांच्या आत आलं. कारण साधं आहे. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), सततचा रक्तस्राव, जड दुखणारी पिशवी हेच आधीच्या त्रासाचं मूळ होतं. तोंड ठेवलं तर सुख जास्त मिळतं, असंही बरेच जण सांगतात. 2002 मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात दोन्ही गटांची तुलना झाली, लैंगिक सुखात फरक दिसला नाही.

बचतगट_सखी

डॉक्टर, सहा आठवडे हे नक्की कुठून मोजायचे आणि कशासाठी?

स्त्रीरोग_डॉक्टर

ऑपरेशनच्या दिवसापासून. पोटावरची जखम दहा-बारा दिवसांत मिटलेली दिसते, म्हणून घरच्यांना वाटतं झालं बरं. खरी जखम आत, व्हॉल्टवर असते. तिथले टाके विरघळणारे असतात, पूर्ण विरघळायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून 6 ते 8 आठवडे योनीत काहीही जाऊ द्यायचं नाही: संबंध नाही, बोट नाही, आत पाण्यानं धुणं नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर व्हॉल्ट उसवण्याचा धोका इतर पद्धतींपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळं काही सर्जन 12 आठवडे सांगतात. पोटावर टाके दिसत नाहीत म्हणून घाई करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

दिवस भरले की आपोआप परवानगी, असंही समजू नका. डॉक्टरांनी आत बघून व्हॉल्ट भरलाय असं सांगितलं पाहिजे. मधुमेह, रक्तक्षय, तंबाखू-मिश्री, जुना खोकला असेल तर भरायला वेळ लागतो. निपाणी भागात मिश्रीचं प्रमाण बघता हे मुद्दाम लिहितोय.

पहिले चार-सहा आठवडे तपकिरी किंवा फिकट लाल स्राव थोडाथोडा येऊ शकतो. पुढच्या तीन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही.

अचानक पाण्यासारखा लोंढा किंवा लालभडक रक्त, खालच्या पोटात कळ, योनीतून काहीतरी बाहेर आल्यासारखं: व्हॉल्ट उसवून आतडं खाली आलेलं असू शकतं. आडवं व्हायचं, बाहेर आलेल्या भागावर स्वच्छ ओलं फडकं ठेवायचं, आत ढकलायचं नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, 108 ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे संबंधानंतर होतं, तसंच जोरानं कुंथल्यावर किंवा जड उचलल्यावरही होतं, आणि कधी कधी काही महिन्यांनीसुद्धा.

दुसरी: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रात्रंदिवस थेंबथेंब पाणी गळणं आणि त्याला लघवीचा वास. हा "पांढरं जाण्याचा" प्रकार नव्हे. मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलं असण्याची शक्यता असते. लवकर लघवीची नळी घातली तर काही वेळा ते तेवढ्यावरच भरतं, म्हणून दिवस घालवू नयेत.

तिसरी: ताप आणि घाण वासाचा स्राव.

संबंधानंतर नुसतं दोन-चार थेंब रक्त दिसलं तर बहुतेक वेळा व्हॉल्टवर कोवळी लाल मांसाची गाठ उरलेली असते. ओपीडीत औषधाची काडी लावून ती जाळतात, पाच मिनिटांचं काम. पण दाखवायचं हे नक्की.

फिजिओ_ताई (पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू)

मी कामाचं आणि पहिल्या वेळेचं लिहिते.

आधी वजन. सहा आठवडे 4-5 किलोच्या वर नाही. पाण्यानं भरलेली बिंदगी (घागर) 10-12 किलोची होते, म्हणजे ती नाहीच. अर्ध्याहून कमी भरलेली कळशी चालते. पाणी एक दिवसाआड येतं तिथं घरात हे आधी ठरवून ठेवायला लागतं, कारण पाणी आलं की बाई उठतेच. भाकरी उभ्यानं ओट्यावर थापा, चुलीपुढं उकिडवं बसून नको. बिड्या वळणाऱ्या बायकांनी तासाला उठून पाच मिनिटं चालायचं. एकाच बैठकीत बद्धकोष्ठ होतं, बद्धकोष्ठात कुंथणं होतं, आणि कुंथण्याचा सगळा जोर व्हॉल्टवर येतो.

आता कीगलबद्दल, म्हणजे खालचे स्नायू आवळायच्या व्यायामाबद्दल. सगळीकडं सरसकट सांगतात, ते चुकीचं आहे. खाली सैल वाटत असेल, खोकल्यावर लघवी निसटत असेल तर कीगल करा: वायू रोखताना जसं आवळतो तसं आवळून आत-वर ओढायचं, 3 ते 5 सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत न्यायचं. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. लघवीची धार अडवून सराव करू नका.

पण संबंधाच्या वेळी दाराशीच, म्हणजे योनीच्या सुरुवातीलाच दुखतंय, आत जाऊ देत नाही असं वाटतंय, तर तिथं स्नायू आधीच आवळलेले असतात. कीगलनं ते आणखी आवळतील. अशा वेळी उलटा व्यायाम: पाठीवर झोपून गुडघे वाकवून बाहेर पसरायचे, खाली उशा लावायच्या, नाकानं पोटात श्वास घ्यायचा आणि सोडताना खालची जागा फुलासारखी सैल सोडायची. पाच मिनिटं, दोन वेळा.

परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा थेट संबंध नको. आधी बाईनं स्वतः, स्वच्छ धुतलेल्या बोटाला जेल लावून, एक पेर, मग दोन पेरं बघायचं. दुखलं नाही तर दुसऱ्या दिवशी पूर्ण बोट. मग नवऱ्याबरोबर. जेल चमचाभर तरी हवं, दोघांनाही लावायचं. अगदी कमी वापरतात आणि "जेलनं काय होत नाही ओ" म्हणतात. स्थिती अशी निवडा की किती आत जायचं ते बाईच्या हातात राहील: ती वर, किंवा दोघं कुशीवर. कमरेखाली उशी ठेवू नका, त्यानं खोली वाढते. दुखलं की थांबायचं. "आज सोसते, उद्या सवय होईल" यानं सवय होत नाही. स्नायू ते दुखणं लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी आधीच आवळतात.

खानापूरकर

पुरुषांच्या बाजूनं विचारतो, रागावू नका. नवऱ्याला फरक जाणवतो का? आणि "पिशवी काढली की बाई पोकळ होते" हे कुठून आलं?

स्त्रीरोग_डॉक्टर

दादा, विचारलंत ते चांगलंच. योनी तीच राहते, रुंदी तीच राहते. खालून केलेल्या ऑपरेशनमध्ये खाली आलेलं अंग वर घेण्याचे टाके घातले असतील, किंवा कर्करोगासाठी मोठं ऑपरेशन झालं असेल, तर लांबी थोडी कमी होते. नवऱ्याला फरक वाटला तर तो बहुतेक कोरडेपणाचा असतो. त्यावर उपाय आहेत.

पोकळ होण्याची समजूत बहुधा "पिशवी" या शब्दातूनच आली असावी. पिशवी काढली म्हणजे आत जागा रिकामी, असं वाटतं. तसं नसतं. आतडी आणि मूत्राशय सरकून ती जागा लगेच भरतात.

समुपदेशक

खानापूरकर दादा, त्यात आणखी एक. बऱ्याच घरात नवरा घाबरून दूर राहतो, "हिला लागेल" म्हणून. बाई समजते, आपण आता नकोशा झालो. दोघंही बोलत नाहीत आणि वर्ष निघून जातं. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला नवऱ्यानं बरोबर जावं, आत बसावं, डॉक्टरांचं उत्तर स्वतःच्या कानानं ऐकावं.

इच्छा हा वेगळा विषय. कित्येक बायकांनी ऑपरेशनआधी दोन-तीन वर्षं महिन्याला पंधरा-पंधरा दिवस रक्तस्राव सोसलेला असतो. शरीरानं त्या जागेशी दुखणं जोडलेलं असतं, ते सहा आठवड्यांत सुटत नाही. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरही पहिले दोन आठवडे ठरवून संबंध नाही, फक्त स्पर्श: आठवड्यातून दोनदा-तीनदा, वीस मिनिटं, आधी पाठ, हात, केस. आज पुढं काही होणार नाही हे आधीच ठरलेलं असल्यानं बाईचं अंग सैल होतं. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात हे अवघड आहे, मान्य. म्हणून माहेरी विश्रांतीला गेलेल्या बाईला घाईनं आणू नका, आणि आणल्यावर तिला दाराला कडी असलेली खोली द्या. ती नको म्हणाली तर नको. ऑपरेशन झालं म्हणून तिच्यावर काही देणं लागू होत नाही.

डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा आणि कळस कमी होतो. गोळी स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे लक्षण सांगा. त्यांच्याकडं पर्याय असतात.

औषधवाले_निपाणी

काउंटरवर होणाऱ्या चुका सांगतो, त्या इथं उपयोगी पडतील.

बायका लाजून नुसतं "जेल द्या" म्हणतात आणि पुष्कळदा हातात पडते लिग्नोकेनची ट्यूब. ती बधिर करण्याची असते. लावल्यावर दुखत नाही, पण आत इजा होत असली तरी कळत नाही, आणि सुखही कळत नाही. नवऱ्यालाही बधिरपणा येतो. "पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट जेल" असं चिठ्ठीवर लिहून द्या, बोलायची गरज नाही. सुगंधी, गरम किंवा थंड करणारी जेल नकोत, सोललेल्या कातडीवर आग होते.

खोबरेल चालेल का, हा रोजचा प्रश्न. साधं, वास न घातलेलं चालतं, पण निरोध वापरत असाल तर नाही. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. पिशवी काढल्यावर गर्भधारणेसाठी निरोध लागत नाही, संसर्गाची शंका असेल तर लागतोच. डोक्याचं थंड तेल, तूप, व्हॅसलीन, साबण, योनी धुण्याची बाटली: काहीही आत नको.

दुसरी चूक म्हणजे खाज सुटली की बुरशीचं क्रीम. दह्यासारखा स्राव असेल तर ते बरोबर. पण स्राव काही नाही, नुसती कोरडी खाज आणि जळजळ, आणि अंडाशय काढलेले असतील, तर कारण बहुतेक कोरडेपणा असतो. बुरशीच्या क्रीमच्या चार ट्यूबा संपल्या तरी फरक पडत नाही. चार औषधं एकत्र असलेलं स्टेरॉइडचं क्रीम तर अजिबात लावू नका, कातडी पातळ होते.

स्त्रीरोग_डॉक्टर

औषधवाले, लिग्नोकेनचं लिहिलंत, फार महत्त्वाचं आहे.

ल्युब्रिकंट त्या रात्रीपुरतं. कोरडेपणा मुळातून कमी करायचा तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन (अंडाशयात बनणारं संप्रेरक). आपल्याकडं इस्ट्रिऑल क्रीम मिळतं, 1 ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम. नेहमीची पद्धत: रोज रात्री अर्धा ग्रॅम, दोन आठवडे. नंतर आठवड्यातून दोन रात्री. 15 ग्रॅमची ट्यूब या हिशेबानं साधारण दहा आठवडे पुरते. झोपताना, पाठीवर झोपून, अ‍ॅप्लिकेटर आत दोन-तीन इंच. जळजळ दाराशी असेल तर थोडं बोटानं बाहेरच्या ओठांवरही. ऑपरेशननंतर सुरू कधी करायचं ते सर्जनला विचारूनच.

इथं नेहमी तीन गोष्टी चुकतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात परिणाम काही आठवड्यांनी दिसतो, पूर्ण फायदा यायला तीन महिने लागू शकतात. दुसरं, बरं वाटलं की बंद करतात, मग कोरडेपणा परत येतो. तिसरं, संबंधाच्या आधी ल्युब्रिकंट म्हणून लावतात. ते त्यासाठी नाही, औषध नवऱ्याच्या कातडीला जातं. हे क्रीम नियमित वापरल्यावर वारंवार होणारा लघवीचा संसर्गही कमी होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, विशेषतः त्यावरच्या संप्रेरकविरोधी गोळ्या चालू असतील, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढले असतील तर नुसत्या क्रीमवर थांबू नये. गोळी किंवा अंगाला लावायच्या जेलमधून पूर्ण शरीराला इस्ट्रोजेन द्यायचं का, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं. काही अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते देतात. हाडं आणि हृदय यांचाही त्यात प्रश्न आहे. "हार्मोननं कॅन्सर होतो" ही भीती 2002 च्या अमेरिकन अभ्यासातून पसरली. तो गट दोन संप्रेरकं एकत्र घेणाऱ्या बायकांचा होता. गर्भाशय काढलेल्या बायकांना सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि 2004 मध्ये आलेल्या, एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटाच्या निकालात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. पक्षाघाताचा धोका वाढला होता, म्हणून रक्तदाब, पायात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास, यकृत हे बघूनच सुरू करतात. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) पसरलेला असेल किंवा तोंड ठेवलं असेल तर दुसरं संप्रेरकही जोडावं लागू शकतं.

फिजिओ_ताई

दुखणं सांगताना जागा सांगा, डॉक्टरांचं अर्धं काम होतं. दाराशी आग झाल्यासारखं: कोरडेपणा. दाराशी भिंत लागल्यासारखं: आवळलेले स्नायू, किंवा खालून ऑपरेशन करताना दार घट्ट केलेलं असलं तर तो व्रण. खोल आत, एका ठरावीक स्थितीत कळ: व्हॉल्टचा व्रण, किंवा आत ठेवलेलं अंडाशय व्हॉल्टला चिकटलेलं. खोल दुखणं सहा महिन्यांनंतरही कायम असेल तर सोनोग्राफी मागून घ्या.

कर्करोगासाठी रेडिएशन झालं असेल तर योनी आवळत जाते, भिंती एकमेकींना चिकटू शकतात. त्यासाठी डायलेटर असतात, म्हणजे योनी मोकळी ठेवायला आत घालायच्या गुळगुळीत कांड्या, लहान ते मोठ्या आकाराच्या. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत डॉक्टरांच्या परवानगीनं सुरू, आठवड्यातून दोन-तीनदा, 5 ते 10 मिनिटं, भरपूर जेल. संबंध ठेवायचे नसले तरी हे करायचं, नाहीतर पुढं तपासणीसुद्धा करता येत नाही.

सेविका_अथणी

ऊसपट्ट्यातून लिहिते. आपल्याकडं तिशीतल्या बायका पांढरं जाण्यासाठी पिशवी काढून मोकळ्या होतात. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे ऑपरेशन झालेल्या बायकांचं मध्य वय 34 आलं होतं. पांढरं जाणं, साधा संसर्ग, सोनोग्राफीत दिसलेली छोटी गाठ ही पिशवी काढायची कारणं नव्हेत. गरज नसलेल्या या ऑपरेशनांवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती राज्यांना लागू करायला सांगितली. ऑपरेशन ठरलं असेल तर आधी विचारा: औषध किंवा तांबीसारखं हार्मोनचं साधन चालणार नाही का? अंडाशय ठेवणार का? काढणार तर का?

बचतगट_सखी

पॅप तपासणी (गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची) नंतर लागते का? आणि कन्नड डॉक्टरांपुढं हे सांगायचं कसं?

सेविका_अथणी

पॅपचं डॉक्टर सांगतील. कन्नडचं मी सांगते. गर्भपिशवीला "गर्भकोश" म्हणायचं. अंडाशय, योनी, रक्तस्राव हे शब्द कन्नडमध्येही तेच चालतात, लोकांना ते माहीतच नसतं. दुखणं म्हणजे "नोवु", आग म्हणजे "उरी", कोरडं पडलंय म्हणजे "ओणगिदे". एवढ्यावर काम भागतं. सासूला किंवा लेकराला दुभाषी करून आत नेऊ नका, त्यांच्यासमोर बाई खरं बोलत नाही. वॉर्डातली कुणीतरी सिस्टर मराठी बोलणारी असते, तिला मागून घ्या.

स्त्रीरोग_डॉक्टर

पॅप: तोंड काढलंय, कारण साधं होतं आणि आधीच्या तपासण्यांत कर्करोगापूर्वीचे बदल नव्हते, तर गरज नाही. सबटोटल असेल तर इतर बायकांसारखीच तपासणी चालू ठेवायची. कर्करोगापूर्वीच्या बदलांसाठीच ऑपरेशन झालं असेल तर व्हॉल्टची तपासणी पुढं अनेक वर्षं करायची. काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या आणि कार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मिरजेचं कार्ड बेळगावात दाखवायची वेळ येते, तेव्हा तोच कागद लागतो.